फेडोरा हॅट

नमद्याची म्हणजे फेल्टची मऊ हॅट. माथ्यावर मधोमध लांबट खळ, पुढे दोन बाजूंनी चिमटा, कडेच्या वर रिबीन. बारीक कडेची ती ट्रिल्बी, कड सगळीकडून वर वळवलेली ती होम्बर्ग. आपल्याकडे सरसकट फेल्ट हॅट म्हणायचे. भगतसिंगांच्या 1929च्या फोटोतल्या हॅटला कोणी फेडोरा म्हणतं कोणी ट्रिल्बी, मला जुना शब्दच बरा वाटतो.

नाव आलं नाटकावरून. विक्तोरियाँ सार्दूचं 'फेदोरा' डिसेंबर 1882 मध्ये पॅरिसला रंगमंचावर आलं, त्यात सारा बर्नहार्ट रशियन राजकन्या झाली होती, आणि तिने डोक्यावर घातली तीच ही हॅट असं बहुतेक ठिकाणी लिहिलेलं असतं. ते जरा जपून घ्यावं. कारण मऊ फेल्ट हॅट त्याआधीची आहे, हंगेरीचा पुढारी कोशूत 1851 च्या शेवटी अमेरिकेत गेला तेव्हा त्याच्यासारख्या हॅटची तिथे लाटच आली होती, आणि इटलीतल्या आलेस्सांद्रियाला बोर्सालिनोचा हॅटचा कारखाना 1857 पासून चालू होता. म्हणजे नाटकाने नाव दिलं, आकार नाही, हे मत जास्त पटतं. सुरुवातीला ही बायकांची फॅशन होती, हक्कांसाठी लढणाऱ्या बायकांनी ती उचलली असंही सांगतात. पुरुषांत ती रुळली साधारण 1920 नंतर, प्रिन्स ऑफ वेल्स (पुढचा आठवा एडवर्ड) घालायला लागल्यावर.

खरी गंमत फेल्टमध्ये आहे. ससा किंवा बीव्हर (पाण्यात राहणारा, दाट लवेचा कुरतडणारा प्राणी) यांचे वरचे राठ केस काढून टाकतात आणि खालची मऊ लव घेतात. केसावर बारीक खवले असतात, ते गरम पाणी, वाफ आणि रगडण्याने एकमेकांत अडकतात, विणकाम नाही की शिवण नाही. भोकं असलेल्या शंकूवर हवेने लव ओढून घेतात, तेव्हा तो शंकू डोक्याच्या दुपटीहून मोठा आणि इतका नाजूक असतो की नीट उचलला नाही तर फाटतो, मग आटवत आटवत घट्ट होतो. त्यानंतर रंग, लाकडी साच्यावर वाफेने ओढणं, सँडपेपरने घासणं, आतून चामडी पट्टा. हाताने घडवताना खळ शेवटी वाफेवर बोटांनीच पाडतात.

पूर्वी लव चांगली गुंतावी म्हणून पाऱ्याचं नायट्रेट लावायचे, त्याने लवेची टोकं गाजरासारखी नारिंगी व्हायची म्हणून कामगार या कामाला कॅरटिंग म्हणायचे. पाऱ्याच्या वाफेने कामगारांचे हातपाय थरथरायचे, कनेक्टिकटमधल्या डॅनबरी या हॅटच्या गावाचंच नाव त्या रोगाला पडलं. अमेरिकेत पारा बंद झाला तो थेट डिसेंबर 1941 मध्ये, तोवर किती कारागिरांचं आयुष्य गेलं असेल.

दुसऱ्या महायुद्धानंतर हॅट घालणंच कमी होत गेलं. अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांनी 1961 च्या शपथविधीला हॅट घातली नाही म्हणून हॅट संपली, ही गोष्ट चुकीची आहे, त्या दिवशी ते उंच टॉप हॅट घेऊन आले होते, आणि खप तर आधीपासूनच उतरत होता.