सातेरी मधमाशी : जनुकीय विविधता व परजीवी

झाडांच्या ढोली, खडकांतील कपारी, वारुळे आणि जुन्या भिंतींतील पोकळ्या अशा अंधाऱ्या जागी एकमेकींना समांतर अनेक पोळी बांधून राहणारी आशियाई मधमाशी. शास्त्रीय नाव एपिस सेराना. या जातीचे पहिले वर्णन डॅनिश कीटकशास्त्रज्ञ फॅब्रिसियस यांनी १७९३ मध्ये केले. उघड्यावर एकच पोळे लावणाऱ्या आग्या व फुलोरी माश्यांना लागतो तसा तिला उजेड लागत नाही, म्हणूनच ती लाकडी पेटीत पाळता येते. एका वसाहतीत साधारणपणे सात पोळी असतात म्हणून तिला सातेरी म्हणतात, असे सांगितले जाते. मात्र पोळ्यांची संख्या वसाहतीच्या बळानुसार व जागेनुसार कमीजास्त होते. कोकण-गोव्यात सातेरी या नावाची देवी वारुळाच्या रूपात पुजली जाते आणि ही माशीही वारुळात राहते, हे येथे नोंदवण्याजोगे आहे. त्यावरून नावाची व्युत्पत्ती ठरवणे मात्र घाईचे होईल.

जाती एक की अनेक : या माशीच्या जनुकीय विविधतेचा प्रश्न तिच्या वर्गीकरणाशी निगडित आहे. ऑस्ट्रियन संशोधक फ्रीडरिख रुटनर यांनी १९८८ मध्ये शरीरमापनाच्या आधारे तिच्या सेराना, इंडिका, जापोनिका व हिमालया अशा चार उपजाती मानल्या आणि दक्षिण आशियातील माशीचा समावेश इंडिकात केला. ही विभागणी दीर्घकाळ प्रमाण मानली गेली. मात्र दक्षिण भारतात डोंगराळ भागातील काळसर व सपाटीवरील पिवळसर असे दोन प्रकार एकमेकांच्या शेजारी आढळतात, आणि पेशीतील तंतुकणिकांमधील (मायटोकाँड्रिया) डीएनएच्या अभ्यासात हे दोन प्रकार रंगापुरतेच वेगळे नसून त्यांचे वंशही भिन्न असल्याचे दिसून आले. या दोहोंत प्रजननाच्या दृष्टीने अलगता असल्याचे पुरावे मांडणारा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाल्यानंतर, पिवळ्या माशीला फॅब्रिसियस यांनीच १७९८ मध्ये दिलेले एपिस इंडिका हे स्वतंत्र नाव परत द्यावे, हे मत बळावले. पुढे २०२२ मध्ये केरळमधील संशोधकांनी पश्चिम घाटातील काळसर माशीचे एपिस कारिंजोडियन या नव्या नावाने वर्णन केले. त्यासाठी त्यांनी पंखांवरील शिरांच्या लांबीचे एक गुणोत्तर व तंतुकणिकांतील डीएनए यांचा आधार घेतला आणि तिचा आढळ गोवा, कर्नाटक, केरळ व तमिळनाडूचा काही भाग असा दिला.

हे नामकरण सर्वमान्य झालेले नाही. तंतुकणिकांतील डीएनए फक्त आईकडून येत असल्याने त्यावरून राण्यांचा वंश कळतो, पण नरांमार्फत होणारी जनुकांची देवाणघेवाण त्यात उमटत नाही. त्यामुळे गुणसूत्रांवरील जनुकसंचाची तुलना झाल्याशिवाय जातींची संख्या ठरवू नये, हे मत अधिक सयुक्तिक वाटते. प्रस्तुत नोंदीत सातेरी हे नाव या सर्व प्रकारांसाठी योजले आहे.

पाश्चात्त्य मधमाशी एपिस मेलिफेरा हिच्या उगमाबाबतही असाच वाद आहे. ती आफ्रिकेतून पसरली असे २००६ मधील अभ्यासावरून मानले जाऊ लागले होते. २०१४ मध्ये १४० माश्यांच्या संपूर्ण जनुकसंचांच्या तुलनेतून हा निष्कर्ष डळमळीत झाला आणि २०२१ मधील अधिक व्यापक अभ्यासाने कौल पश्चिम आशियाच्या बाजूने दिला. एपिस वंशातील उरलेल्या सर्व जाती आशियातच आढळतात, ही गोष्ट नव्या मताला अनुकूल आहे.

वसाहतीतील विविधता : राणी माशी आयुष्याच्या आरंभी हवेत उडत असताना अनेक नरांशी समागम करते आणि ते शुक्राणू जन्मभर पुरवते. सातेरी राणी दहाहून अधिक नरांशी समागम करते. आग्या राणीच्या बाबतीत ही संख्या शंभरापर्यंत गेल्याचे आढळले आहे. परिणामी एका पेटीतील कामकरी माश्या एका आईच्या पण अनेक बापांच्या असतात. कोणी रोगट अळी चटकन हुंगून काढतात, तर कोणी त्या कामात मंद असतात. मेलिफेरावरील प्रयोगांत अनेक बापांच्या वसाहतींत रोगांची तीव्रता कमी आढळली.

विविधता घटली की तिचा पहिला फटका लिंगनिश्चितीला बसतो. मधमाशीत लिंग ठरवणाऱ्या जनुकाची (त्याची ओळख २००३ मध्ये पटली) दोन भिन्न रूपे अंड्यात एकत्र आली तर मादी निपजते. फलन न झालेल्या अंड्यात एकच रूप असते व त्यापासून नर होतो. नात्यातील समागमामुळे दोन्ही रूपे सारखी आली, तर फलित अंड्यापासून द्विगुणित नर तयार होतो आणि कामकरी माश्या त्याची अळी लहानपणीच खाऊन टाकतात. मोजक्याच पेट्यांतून वर्षानुवर्षे राण्या वाढवणाऱ्या मधपाळाने चौकट उजेडात धरली, की बंद घरांच्या सलग पट्ट्यात ठिकठिकाणी रिकामी घरे दिसतात, त्याचे एक कारण हे असते. रोगामुळेही पोळे असे विरळ दिसत असल्याने एवढ्यावरून निदान करता येत नाही.

व्हरोआ : सातेरीचा सर्वाधिक अभ्यासला गेलेला बाह्यपरजीवी म्हणजे व्हरोआ हा अष्टपाद कोळी (माइट). जावा बेटावर एडवर्ड याकोबसन यांना मिळालेल्या नमुन्यांवरून डच शास्त्रज्ञ आउडेमन्स यांनी १९०४ मध्ये त्याला व्हरोआ याकोबसोनी हे नाव दिले. वंशनाम रोमन ग्रंथकार वारो याच्यावरून घेतले आहे. जगभर मेलिफेराच्या पेट्या उद्ध्वस्त करणारा कोळी हाच, असे कित्येक दशके समजले जात होते. अँडरसन व ट्रूमन यांनी २००० मध्ये हा समज चुकीचा ठरवला; विध्वंसक कोळी आशियाच्या मुख्य भूमीवरील सातेरीवर वाढणारी वेगळी जाती असून तिला त्यांनी व्हरोआ डिस्ट्रक्टर म्हटले. त्यामुळे २००० पूर्वीच्या लेखनात आलेले याकोबसोनी हे नाव संदर्भ तपासूनच घ्यावे लागते.

मादी कोळी तांबूस तपकिरी, चपटी, सुमारे १.१ मिमी. लांब व १.६ मिमी. रुंद, म्हणजे लांबीपेक्षा रुंदीने अधिक असते. अळीचे घर मेणाने बंद होण्याच्या बेतात असताना ती आत शिरते आणि घर बंद झाल्यावर सुमारे अडीच-तीन दिवसांनी पहिले अंडे घालते. त्यातून नर होतो, पुढच्या अंड्यांतून माद्या होतात आणि भावंडांचा समागम त्याच बंद घरात उरकतो. या सततच्या अंतःप्रजननामुळे मेलिफेरावर पसरलेला व्हरोआ जनुकीयदृष्ट्या जवळपास एकसाची आहे. कोरियाई व जपानी या दोनच वंशांनी जग व्यापले. विविधतेचे महत्त्व सांगणाऱ्या विषयातील ही विसंगती लक्षणीय आहे. कोळी माशीचे रक्तद्रव शोषतो, हे जुने मत २०१९ मधील संशोधनानंतर बदलले असून प्रौढ माशीच्या अंगावर तो मुख्यतः मेदपिंड खातो असे आता मानतात.

सातेरीवर हा कोळी जवळजवळ फक्त नरांच्या घरांतच प्रजनन करू शकतो. ग्रासलेली कामकरी अळी लवकर मरते व माश्या तिला कोळ्यासकट बाहेर टाकतात. नराच्या घराची रचना आणखी वेगळी असते. घर बंद झाल्यावर कामकरी माश्या वरचे मेण खरवडून काढतात आणि खालचे कोशाचे कठीण, शंकूसारखे टोपण उघडे पडते; त्याच्या मधोमध टाचणीने टोचल्यासारखे एक छिद्र असते. हे टोपण नराला आतूनच फोडावे लागते. फार कोळी लागलेल्या दुबळ्या नराला ते फोडता येत नाही, माश्याही ते उघडत नाहीत आणि नरासह कोळी आतच गाडले जातात.

मेलिफेरामध्ये ही संरक्षणे एक तर नाहीत किंवा दुर्बल आहेत, आणि तिच्या कामकरी घरांतही कोळी वाढतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून या माशीच्या पेट्या पूर्व आशियात नेल्या गेल्या तेव्हा दोन्ही माश्या शेजारी आल्या. कोळी अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १९८७ मध्ये, न्यूझीलंडमध्ये २००० मध्ये आणि ऑस्ट्रेलियात २०२२ मध्ये आढळला. त्याच्याबरोबर पंख वाकडे करणारा विषाणूही फैलावला. हवाई बेटांवर कोळी येण्यापूर्वी हा विषाणू सुमारे दहा टक्के वसाहतींत होता. नंतर तो जवळपास सर्वत्र दिसू लागला आणि त्याच्या अनेक वाणांपैकी एकच प्रबळ राहिला.

इतर परजीवी : आग्या माशीचा मूळ परजीवी ट्रोपिलीलॅप्स हा कोळी प्रौढ माशीवर पोसू शकत नाही, त्यामुळे अळ्यांविना तो थोडेच दिवस जगतो. आग्या माश्यांच्या हंगामी स्थलांतरात त्याचे चक्र तुटते. वर्षभर अळ्या असलेल्या मेलिफेराच्या पेटीत तुटत नाही. श्वासनलिकांत राहणारा ॲकॅरॅपिस वुडी १९५० नंतरच्या दशकात उत्तर भारतातील सातेरीत नोंदला गेला. आतड्यातील नोसेमा सेरानी या सूक्ष्मजीवाचे वर्णन १९९६ मध्ये सातेरीवरूनच झाले व दहा वर्षांच्या आत तो युरोपातील मेलिफेरात सापडला. थाई सॅकब्रूड हा विषाणू असल्याने काटेकोर अर्थाने येथे येत नाही, परंतु १९९१-९२ मध्ये दक्षिण भारतातील सातेरीचा सर्वांत मोठा संहार त्यानेच केला.

महाराष्ट्रात सातेरीपालनाचे जुने केंद्र महाबळेश्वरचा परिसर होय. तेथील मांघर हे गाव २०२२ मध्ये मधाचे गाव म्हणून घोषित झाले. केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था १९६२ पासून पुण्यात आहे. त्याच सुमारास काँगडा खोऱ्यातील नगरोटा येथे मेलिफेरा यशस्वीपणे रुजली आणि पुढे तिच्या पेट्या फुलोऱ्यामागून राज्याराज्यांत फिरू लागल्या. सातेरीच्या पेट्या मात्र बहुधा जवळच्या रानातील मोहोळे पकडूनच भरल्या जातात. त्यामुळे घाटातील पाळीव व रानटी वसाहतींचा जनुकसाठा आजही बव्हंशी एकच आहे. डोंगरातील काळसर माशी सपाटीवर नेऊन पाळली, तर तिचे नर तेथील पिवळसर राण्यांशी कितपत जुळतात, हा वर्गीकरणातला वाद म्हणूनच मधपाळाच्या राणीनिवडीपर्यंत येऊन पोचतो.