पार्श्वभूमी: फोटो काढणारा एक, प्रिंट काढणारा दुसरा

बेळगावात खडेबाजाराकडं स्टुडिओत रीळ धुवायला टाकलं की काउंटरवर एकजण असायचा आणि आत लाल बल्बखाली दुसराच, आणि त्या आतल्याचं नाव आम्हाला कधी कळलंच नाही. लग्नाच्या अल्बमात आत्या उजळ दिसणार का सावळी ते मात्र त्याच्याच हातात होतं की. फाइन आर्ट फोटोग्राफीत अशाच माणसाला मास्टर प्रिंटर म्हणतात आणि मान देतात.

याची सुरुवात जुनी आहे. 1839 चा डगेरोटाइप, म्हणजे धातूच्या पत्र्यावरचा फोटो, त्याची एकुलती एक कॉपी, 1841 ला इंग्लंडच्या टॅल्बॉटनं कॅलोटाइपचं पेटंट घेतलं आणि एका निगेटिव्हवरून हव्या तेवढ्या प्रिंट निघायला लागल्या, मग प्रिंटचं वेगळं कसब आलंच. 1873 ला विल्यम विलिसनं प्लॅटिनम प्रिंटचं पेटंट घेतलं, करड्या रंगाच्या छटा त्यात भरपूर आणि प्रिंट सहसा विटत नाही, पण पहिल्या महायुद्धात प्लॅटिनम महागलं आणि लोक सिल्व्हरच्या, म्हणजे चांदीचं रसायन लावलेल्या, कागदावर आले.

आता अमेरिकेचा निसर्गाचे फोटो काढणारा अॅन्सल अॅडम्स. हा आधी पियानोवाला, म्हणून निगेटिव्ह म्हणजे स्वरलिपी आणि प्रिंट म्हणजे वादन असं मानायचा. आपल्याकडं हे समजावून सांगायला नको, कुमार गंधर्व इथलेच, सुळेभावीचे, बंदिश तीच असली तरी मैफल दरवेळी नवी. 1 नोव्हेंबर 1941 ला न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ गावाजवळ अॅडम्सनं घाईनं कॅमेरा लावला, उजेड मोजायचं लाइट मीटर सापडेना, चंद्राच्या उजेडाचा आकडा तेवढा पाठ होता त्यावरनं एक्स्पोजर ठरवलं, आणि दुसरा फोटो घ्यायच्या आत फोटोतल्या कबरस्तानाच्या क्रॉसांवरचं ऊन गेलं! निगेटिव्ह महाअवघड निघाली. 1948 ला त्यानं तिचा खालचा भाग केमिकलनं दाट करून घेतला आणि पुढं कित्येक वर्षं प्रिंट काढतच राहिला, निगेटिव्ह कागदावर मोठी करून पाडणाऱ्या एनलार्जरच्या उजेडात कुठं हात आडवा धरून, कुठं जास्त वेळ देऊन. जुन्या प्रिंटांत आभाळात ढग दिसतात, नंतरच्यांत आभाळ जवळजवळ काळंकुट्ट. मला विचाराल तर जुनीच बरी.

1991 ला गायक ग्रॅहम नॅशच्या छापखान्यात आयरिस मशिनवर इंकजेट आर्ट प्रिंट सुरू झाल्या, 2005 ला कोडॅकनं ब्लॅक अँड व्हाइट कागद बनवणं सोडलं. आपल्याकडं उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा 'इंदू' कागद असायचा. डार्करूममध्ये आयुष्य काढलेल्या एका ओळखीच्या काकांकडं त्याचं एक सीलबंद पाकीट अजून आहे, हात लावू देत नाहीत, उजेड लागंल म्हणतात.