बीट पाडण्याचं गणित (समतोल सेवाक्षेत्र आखणी)

एखादा मोठा भूभाग छोट्या भागांत असा वाटायचा की प्रत्येकाच्या वाट्याला काम साधारण सारखं यावं, भाग मधेच तुटलेला नसावा आणि आकार आटोपशीर असावा, यालाच समतोल सेवाक्षेत्र आखणी म्हणतात. अभ्यासक याला डिस्ट्रिक्टिंग नाहीतर टेरिटरी डिझाइन म्हणतात. नाव ऐकलं नसलं तरी वस्तू ओळखीचीच आहे: पोस्टमनची बीट, अंगणवाडी पर्यवेक्षिकेची बीट, तलाठी सजा, महापालिकेचा प्रभाग, औषध कंपनीच्या एमआरची टेरिटरी, सगळं एकाच घराण्यातलं.

सुरुवात लहान तुकड्यांपासून होते. हा तुकडा म्हणजे गाव, पिनकोड किंवा जनगणनेचा प्रगणक गट, आणि तो सहसा फोडायचा नसतो. प्रत्येक तुकड्याला एक वजन असतं, म्हणजे लोकसंख्या, घरं, पेशंट, दुकानं, जे काही मोजायचं असेल ते. कोणता तुकडा कोणाला लागून आहे हेही लिहून ठेवायचं. मग अटी तीन: प्रत्येक गटाचं वजन ठरलेल्या मर्यादेत हवं, गटातल्या कुठल्याही तुकड्यातून दुसऱ्यात बाहेर न पडता जाता यायला हवं (ही सलगता), आणि गट ऐसपैस पसरलेला नको.

ऐकायला सोपं आहे, पण या तिघी एका घरात सुखाने नांदत नाहीत. एका रस्त्यावर ओळीने सहा गावं धरा, लोकसंख्या 1200, 800, 500, 2000, 700 आणि 1800, एकूण 7000, आणि आरोग्यसेविका दोन, म्हणजे प्रत्येकीला 3500 यायला हवेत. आता रस्ता कुठेही तोडून बघा, जमत नाही. तिसऱ्या गावानंतर तोडला तर 2500 आणि 4500, चौथ्यानंतर तोडला तर तेच उलटं. सलग ठेवून याहून बरी वाटणी नाहीच. पण पहिलं, तिसरं आणि सहावं गाव एकीला दिलं तर बरोब्बर 3500! उरलेली तीन दुसरीला, तीही 3500. कागदावर आकडा चोख, आणि दोघीजणी रोज त्याच रस्त्यावर एकमेकींना ओलांडत या टोकाहून त्या टोकाला.

सहाच गावं असल्यामुळे हे हाताने होतं. 30 गावं दोन गटांत वाटायचे मार्ग सलगता सोडून मोजले तर 53 कोटी 68 लाखांच्या वर जातात, आणि खऱ्या तालुक्यात गावं शंभराच्या वर, गटही दोनाहून जास्त. म्हणून सगळे पर्याय तपासून सगळ्यात चांगला उचलू हा विचार सोडूनच द्यावा लागतो.

कॉम्प्युटरवर हे करायची पहिली गाजलेली पद्धत अमेरिकेतली, आणि ती मतदारसंघांसाठी होती. तिथे 1812 साली मॅसॅच्युसेट्सचा गव्हर्नर एल्ब्रिज गेरी याच्या काळात सॅलमँडरसारखा (हा पालीसारखा दिसणारा प्राणी) वेडावाकडा मतदारसंघ निघाला आणि त्यावरून जेरीमँडर, म्हणजे आपल्या पक्षाच्या सोयीने हद्द वाकवणं, हा शब्दच पडला. 1960 च्या दशकात तिथल्या सुप्रीम कोर्टाने मतदारसंघांची लोकसंख्या सारखी ठेवायला भाग पाडलं, तेव्हा सिडनी हेस आणि सहकाऱ्यांनी माणसाचा हात न लागता रेषा आखायचा प्रयत्न केला, त्यांचा लेख 1965 सालचा. कल्पना उसनी होती, गोदामं कुठे ठेवायची या गणितातून आणलेली, पण बसली झकास.

पद्धत अशी. आधी अंदाजाने केंद्रं धरायची. मग प्रत्येक तुकडा कुठल्यातरी केंद्राला असा जोडायचा की सगळ्या केंद्रांना सारखी लोकसंख्या मिळेल आणि लोकसंख्या गुणिले अंतराचा वर्ग यांची बेरीज कमीत कमी येईल. वर्ग घेतल्याने लांबचं गाव महाग पडतं, 8 किलोमीटरवरचा माणूस 2 किलोमीटरवरच्या माणसाच्या चौपट नाही तर सोळापट. या वाटपात काही तुकडे दोन केंद्रांत फाटतात, पण दहा केंद्रं असली तर असे फाटके तुकडे नवाच्या वर जात नाहीत. ज्याचा वाटा मोठा त्याला अख्खा तुकडा देऊन टाकायचा, प्रत्येक गटाचं नवीन केंद्र काढायचं, पुन्हा वाटप, पुन्हा केंद्र, हलायचं थांबेपर्यंत. यात सलगतेची हमी मात्र कुठेच नाही, ती नंतर नकाशा डोळ्यांनी बघून तपासावी लागायची. हेसनेच पुढे सॅम्युअल्सबरोबर हीच युक्ती सेल्समनच्या टेरिटरीसाठी वापरली, तो लेख 1971 चा. त्याच्या एक वर्ष आधी गारफिंकेल आणि नेमहाउझर यांनी दुसरी वाट काढली, आधी चालतील असे सगळे गट बनवून ठेवायचे आणि मग त्यातून प्रत्येक तुकडा नेमका एकदाच येईल असे निवडायचे. छोट्या नकाशाला फार छान, मोठ्या नकाशाला गटांची यादीच संपत नाही.

आता बहुतेक जण ह्युरिस्टिक वापरतात, म्हणजे बऱ्यापैकी चांगलं उत्तर बऱ्यापैकी लवकर. हद्दीवरचं एक गाव या गटातून शेजारच्या गटात ढकलायचं, समतोल सुधारला का बघायचं. फक्त सुधारणाच घेत गेलं तर गाडी लवकर अडकते, म्हणून सिम्युलेटेड अ‍ॅनिलिंगमध्ये सुरुवातीला वाईट बदलही अधूनमधून मान्य करतात, आणि टॅबू सर्चमध्ये नुकतंच हलवलेलं गाव लगेच परत आणायला बंदी घालतात.

आटोपशीर म्हणजे काय यावर वाद मिटलेला नाही. एक प्रसिद्ध माप पोल्सबी आणि पॉपर यांचं, क्षेत्रफळाला 4π ने गुणायचं आणि परिमितीच्या वर्गाने भागायचं. वर्तुळाला 1 मिळतो, चौरसाला साधारण 0.785. कोकणात हे माप लावून बघा, खाडीच्या वळणावळणाने परिमिती इतकी वाढते की आखणाऱ्याने काही लबाडी न करताही मार्क कमी पडतात. आणि सरळ रेषेतलं अंतर तिथे त्याहून फसवं. दाभोळ आणि धोपावे वाशिष्ठीच्या खाडीच्या दोन काठांवर समोरासमोर आहेत, फेरीबोटीने काही मिनिटांत पार. पण गाडीने रस्त्यानेच जायचं म्हटलं की चिपळूणकडून भलामोठा वळसा. म्हणून अंतर किलोमीटरमध्ये न धरता प्रवासाच्या वेळेत धरावं, आणि तो वेळ कोणत्या वाहनाचा हे आधी विचारावं असं माझं मत.

हे नीट जमलेलं उदाहरण कॅनडातल्या मॉन्ट्रियल शहराचं आहे. घरी जाऊन पेशंटची शुश्रूषा करणाऱ्या नर्सेससाठी तिथल्या कोट-दे-नेज भागात सहा सेवाक्षेत्रं पाडायची होती. ब्ले, लापिएर आणि लापोर्त यांनी 2003 मध्ये ते काम टॅबू सर्चने केलं. नुसती डोकी न मोजता भेटींचं आणि प्रवासाचं मिळून काम सारखं वाटायचं, आणि प्रवास करताना बस-मेट्रो गृहीत धरायची, हे त्यात महत्त्वाचं. पुढे 2006 मध्ये दुसऱ्या अभ्यासात दिसलं की पेशंटची संख्या वर्षागणिक वरखाली होते, तशी नर्सेसच्या कामातली बरोबरी परत बिघडते, कारण हद्द जागची हलत नाही आणि आजारपण हलतं. मग पेशंट कोणाकडे द्यायचा यात थोडी सूट ठेवायचा विचार पुढे आला.

आपल्याकडे ही जाणीव सरकारी नियमांत जुनीच आहे. प्राथमिक आरोग्य केंद्राला सपाटीवर 30,000 लोकसंख्या धरतात पण डोंगराळ आणि आदिवासी भागात 20,000, उपकेंद्राला 5,000 आणि 3,000. तीच माणसं, पण चढ-उतारामुळे काम वेगळं. मतदारसंघांच्या 2002 च्या परिसीमन कायद्यातही भाग शक्य तितके आटोपशीर असावेत, आणि आखताना भौगोलिक स्वरूप, प्रशासकीय हद्दी, दळणवळण आणि लोकांची सोय पाहावी असं लिहिलेलं आहे. महाराष्ट्राचे सध्याचे 288 विधानसभा मतदारसंघ त्याच कायद्याखाली, 2001 च्या जनगणनेवर आखलेले आहेत. "शक्य तितके" म्हणजे किती हे कायदा आकड्यात सांगत नाही, आणि सॉल्व्हरला, म्हणजे हे गणित सोडवणाऱ्या प्रोग्रामला, तर प्रत्येक अटीचा आकडाच लागतो, जसं की लोकसंख्येत सरासरीपासून पाच टक्के फरक चालेल की दहा. हे एकदा कोणीतरी ठरवून दिलं की पुढचं काम मशीन करतं. आपल्या सहा गावांच्या रस्त्यावर दहा टक्के म्हटलं तर एकही सलग वाटणी निघत नाही, तीस टक्के म्हटलं की लगेच दोन निघतात.