पाटीवर 'कॉन्व्हेंट', आत बालवाडी

जळगाव, भुसावळ किंवा धुळ्यातल्या कोणत्याही कॉलनीत दोन गल्ल्या ओलांडल्या की एखादी 'कॉन्व्हेंट' लागतेच. बंगल्याच्या तळमजल्यावर नर्सरी आणि केजी, अंगणात घसरगुंडी आणि अलीकडे पाटीवर आणखी एक शब्द, 'डे-केअर'. कॉन्व्हेंट म्हणजे खरं तर ख्रिस्ती जोगिणींचा, म्हणजे सिस्टरांचा मठ. या गल्लीतल्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर औषधालाही सापडत नाही. सिस्टरांच्या शाळांतल्या इंग्रजीचा आणि शिस्तीचा इतका दबदबा झाला की 'पोऱ्या कॉन्व्हेंटमा जास' याचा अर्थ इंग्रजी माध्यमात जातो, एवढाच उरला. त्यामुळे पालकांनी आधी पाहायचं ते पाटीवरचं नाव नव्हे, तर संस्था नोंदवली कुणी आहे ते: सिस्टरांचा संघ, एखादं चर्च की खासगी ट्रस्ट.

लहान मुलांची शाळा आणि ख्रिस्ती धर्म यांचं नातं जुनं आहे, पण सरळ नाही. १७७० च्या सुमारास आजच्या फ्रान्समधल्या डोंगराळ खेड्यांत ओबरलिन नावाच्या पाद्र्याने शेतावर जाणाऱ्या आईबापांची मुलं सांभाळायची सोय केली. गावातल्या बाया मुलांना विणकाम आणि गाणी शिकवत, बायबलमधल्या गोष्टी सांगत. आजचं डे-केअर आणि बालवाडी दोन्ही त्यात होतं. पुढे १८४० मध्ये बालवाडीला 'किंडरगार्टन' हे नाव देणारा जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रोबेल हा पाद्र्याचाच मुलगा. तरी १८५१ मध्ये प्रशियाच्या सरकारने त्याच्या बालवाड्यांवर बंदी घातली ती नास्तिकपणा पसरवतात म्हणून! ती उठली १८६० मध्ये, तोवर फ्रोबेल वारला होता.

खानदेशात मिशनची माणसं एकोणिसाव्या शतकात स्थिरावली. भुसावळला रेल्वेमुळे इंग्रज आणि अँग्लो-इंडियन वस्ती होती, तिथे चर्च आणि इंग्रजी शाळा आधी रुजल्या. नवापूर, चिंचपाड्याकडच्या आदिवासी पट्ट्यात मात्र मिशन म्हणजे मुख्यतः दवाखाना, वसतिगृह आणि मराठी शाळा. इंग्रजीशी त्याचा फारसा संबंध नव्हता. आज कॅथलिक संस्थांपुरता सारा खानदेश १९८७ मध्ये झालेल्या नाशिक धर्मप्रांतात, म्हणजे नाशिकच्या बिशपच्या हद्दीत येतो. प्रोटेस्टंट मंडळ्यांचा कारभार वेगळा. दोघांना एकाच 'मिशन'च्या मोळीत बांधणं चूक.

पालकांच्या मनातला खरा प्रश्न, 'प्रार्थनेचं काय?', महाराष्ट्रात सव्वाशे वर्षांपूर्वीच चव्हाट्यावर आला होता. पंडिता रमाबाईंनी अमेरिकेत फ्रोबेलची पद्धत शिकून १८८९ मध्ये मुंबईत विधवा आणि मुलींसाठी शारदा सदन ही निवासी शाळा काढली. त्या स्वतः ख्रिस्ती झालेल्या. पण सदनात धर्म शिकवायचा नाही, असं ठरलेलं. पुढे सदन पुण्याला आलं. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करत तेव्हा दार उघडं असे आणि काही मुली आत येऊन बसत. उघडं दार म्हणजे आमंत्रण की नुसतं दार? यावर वाद पेटला. १८९३ मध्ये रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पुष्कळ पालकांनी मुली काढून नेल्या. मला या भांडणात दोन्ही बाजू समजतात. कुणी कुणावर सक्ती केली नव्हती, पण पालकांना आधी विचारलंही नव्हतं.

राज्यघटनेने नेमकं हेच पकडलं. कलम ३० प्रमाणे अल्पसंख्याकांना स्वतःच्या शाळा काढायचा आणि चालवायचा हक्क आहे. कलम २८(३) सांगतं की, सरकारमान्य किंवा अनुदानित संस्थेत मुलाला पालकाच्या संमतीशिवाय धर्मशिक्षणाला किंवा उपासनेला बसवता येणार नाही. आणि २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने अल्पसंख्याक शाळा शिक्षणहक्क कायद्यातून वगळल्या, म्हणून दुर्बल घटकांतल्या मुलांसाठीच्या २५ टक्के राखीव जागा तिथे गृहीत धरू नयेत.

मेख आहे ती 'सरकारमान्य' या शब्दात. शिक्षणहक्क कायदा मुळात सहा ते चौदा वयाचा. सरकारने १९७५ मध्ये अंगणवाड्या सुरू केल्या, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला बालवाडी घडवली, १९९६ च्या राज्य कायद्याने प्रवेशासाठी चिमुकल्यांच्या मुलाखती घ्यायला मनाई केली. तरी गल्लीतली खासगी बालवाडी बराच काळ शाळेसारख्या मान्यतेविनाच चालली. जिथे मान्यताच नाही, तिथे कलम २८(३) चा आधारही लंगडा पडतो.

डे-केअरची गोष्ट आणखी अलीकडची. कपाशी वेचायला गेलेली आई बांधावरच्या लिंबाला झोळी बांधायची, घरी आजी असायची. आता बदलीच्या नोकरीत आजी गावाकडे राहते आणि मूल आठ-नऊ तास परक्या छताखाली. दोन तासांच्या बालवाडीत एक प्रार्थना होते. दिवसभराच्या पाळणाघरात जेवणाआधीची, झोपताना म्हणायची, गोष्टीतली, नाताळातली, सगळीच येते. चर्चच्या संस्था हे सहसा लपवत नाहीत, विचारलं तर सांगतात. वेळापत्रक मागून घ्यावं आणि मूल कशात बसेल, कशात नाही, ते प्रवेश अर्जावरच लिहून द्यावं. अर्जात तसा रकाना नसला तर समासात.