वाफदाब निर्जंतुकीकरण : रिटॉर्ट आणि ऑटोक्लेव्ह

बंद पात्रात दाबाखालची संपृक्त वाफ सोडून तिच्या उष्णतेने सूक्ष्मजंतू आणि त्यांचे बीजाणू, म्हणजे जंतूंची चिवट सुप्त रूपे, मारण्याच्या क्रियेला वाफदाब निर्जंतुकीकरण म्हणतात. हे पात्र अन्नप्रक्रिया कारखान्यात असेल तर त्याला रिटॉर्ट म्हणतात आणि रुग्णालयात किंवा वैद्यकीय साधनांच्या कारखान्यात असेल तर ऑटोक्लेव्ह. रिटॉर्टमध्ये पाकीटबंद वरण, राजमा किंवा पुलाव शिजतो आणि त्याच फेरीत टिकाऊही होतो. ऑटोक्लेव्हमध्ये मोडलेले हाड जोडण्याच्या पट्ट्या, स्क्रू आणि त्यांची हत्यारे निर्जंतुक होतात. दोन्ही यंत्रांचा पूर्वज एकच आहे. त्यांच्यातील खरा फरक पात्राच्या घडणीपेक्षा आतल्या हवेचे आणि ओलाव्याचे काय करायचे यात आहे.

१९६२ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या ठाणे-बेलापूर पट्ट्यात, म्हणजे दिघ्यापासून रबाळे, महापे, पावणे यांवरून तुर्भे-शिरवण्यापर्यंत, आणि ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये अन्नप्रक्रिया, औषधनिर्मिती आणि स्टीलच्या जोडकामाचे व्यवसाय शेजारीशेजारी वाढले. त्यामुळे एका यंत्रावर हात बसलेल्या माणसाला दुसरे यंत्र परके वाटत नाही. बॉयलर, ट्रॅप, गॅस्केट, व्हेंट, सेफ्टी व्हॉल्व्ह, लोड (एका वेळी भरलेला माल), सायकल (प्रक्रियेची एक पूर्ण फेरी) हे शब्द दोन्ही ठिकाणी तेच आहेत.

इतिहास : फ्रेंच शास्त्रज्ञ डेनिस पापँ याने १६७९ मध्ये घट्ट झाकणाचे वाफपात्र तयार केले. त्यात हाडेसुद्धा मऊ होत. पात्र फुटू नये म्हणून त्याने सुरक्षा झडप बसवली, आणि १६८२ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या सभासदांना या पात्रात शिजवलेले जेवण वाढले. घरोघरच्या प्रेशर कुकरची वंशावळ येथून सुरू होते. पुढे निकोला अपेर याने बाटलीबंद अन्न उकळत्या पाण्यात ठेवून टिकवण्याची रीत बसवली आणि १८१० मध्ये फ्रेंच सरकारकडून १२,००० फ्रँकचे बक्षीस मिळवले. अन्न का टिकते हे तेव्हा कोणालाच माहीत नव्हते. अन्न जंतूंमुळे नासते हे दाखवणारे पाश्चरचे काम त्यानंतर अर्ध्या शतकाने झाले. उकळत्या पाण्याचे तापमान १००° से.च्या वर जात नसल्याने डबे तासन्‌तास उकळावे लागत. अमेरिकेतील बाल्टिमोर येथे १८६१ च्या सुमारास पाण्यात कॅल्शियम क्लोराइड मिसळून तापमान वाढवण्याची युक्ती आली. वेळ वाचला, पण आतला दाब सहन न होऊन डबे फुटू लागले. त्याच शहरात १८७४ मध्ये श्रायव्हर याने डब्याच्या बाहेरूनही दाब देणाऱ्या वाफेच्या रिटॉर्टचे पेटंट घेतले. पाश्चरचा सहकारी शार्ल शांबरलां याने १८७९ मध्ये प्रयोगशाळेसाठी ऑटोक्लेव्ह बनवला, आणि स्वयंपाकघरात जन्मलेले हे पात्र शस्त्रक्रियागृहात पोहोचले.

तत्त्व : एक किलो वाफ १२१° से.ला पाण्यात रूपांतरित होताना सुमारे २,२०० किलोज्यूल उष्णता सोडते. ही उष्णता वाफ टेकेल त्या प्रत्येक थंड पृष्ठभागावर जागच्या जागी मिळते आणि ओलसर असल्याने बीजाणूंमधील प्रथिने लवकर निकामी करते. तेवढ्याच तापमानाची कोरडी हवा हे काम इतक्या कमी वेळात करू शकत नाही.

समुद्रसपाटीला १२१° से.साठी दाबमापकावर चौरस इंचाला १५ पौंड, म्हणजे सुमारे एक बार दाब दिसतो. मात्र दाबमापक वातावरणापेक्षा जास्तीचा दाब दाखवतो, आणि वातावरणाचा दाब उंचीप्रमाणे बदलतो. वाशीत १५ पौंडांवर जे तापमान मिळते ते पुण्यात मिळवायला सुमारे १६ पौंड आणि महाबळेश्वरला १७ च्या पुढे जावे लागते. म्हणून नवी मुंबईत बसवलेली सायकल घाटावरच्या कारखान्यात दाबाच्या आकड्यानुसार उचलून नेणे चुकीचे ठरते. प्रमाण मानायचे ते तापमान.

याहून मोठी फसगत हवेमुळे होते. पात्रातील एकूण दाबात निम्मा वाटा अडकलेल्या हवेचा असेल तर वाफेचा स्वतःचा दाब निम्माच उरतो. दाबमापक १५ पौंड दाखवत असतो, आत मात्र जेमतेम १००° से. असते. बोच्युलिनम या पाकीटबंद अन्नातील घातक जंतूच्या बीजाणूंना तेवढ्याने काही होत नाही. त्यामुळे जुन्या धर्तीच्या रिटॉर्टवर सुरुवातीचे व्हेंटिंग, म्हणजे वाफेने हवा बाहेर लोटण्याची पायरी, ठरल्या मिनिटांपेक्षा आधी बंद करायची नाही हा नियम कसोशीने पाळला जातो.

अन्नाचे गणित : पाकीटबंद अन्नातील मुख्य शत्रू क्लॉस्ट्रिडियम बोच्युलिनम हा जंतू आहे. तो हवेविना वाढतो, जीवघेणे विष तयार करतो आणि त्याचे बीजाणू साध्या उकळीत तग धरतात. पीएच (आंबटपणाचे माप; आकडा जितका कमी तितका पदार्थ आंबट) ४.६ पेक्षा कमी असेल तर तो वाढू शकत नाही. म्हणूनच हापूसच्या रसाचा डबा उकळत्या पाण्याच्या तापमानावर भागतो आणि वरणाच्या पाकिटाला रिटॉर्ट लागतो. एका तापमानाला बीजाणूंची संख्या एक दशांश करण्यास जो वेळ लागतो तो या जंतूसाठी १२१.१° से.ला सुमारे ०.२१ मिनिट धरतात. संख्या बारा वेळा दशांश करायची असा संकेत आहे, म्हणून १२ गुणिले ०.२१ करून अडीच मिनिटे येतात. ती वाढवून किमान ३ मिनिटे धरतात. व्यवहारात इतर, अधिक चिवट बीजाणूंसाठी ५ ते ८ मिनिटे देतात. तापमान १०° ने उतरले की तोच परिणाम साधायला दहापट वेळ लागतो, आणि १०° ने चढले की एक दशांश. या गणिताचा पाया १८९५ नंतर मॅसॅच्युसेट्समध्ये प्रेस्कॉट आणि अंडरवुड यांनी फुगलेल्या डब्यांचा माग काढताना घातला. बिगेलो (१९२०) आणि बॉल (१९२३) यांनी त्याला आजचे रूप दिले.

हा वेळ पात्राच्या तापमानावर मोजायचा नसतो. तो पाकिटातील सर्वांत उशिरा तापणाऱ्या बिंदूवर मोजायचा असतो. त्यासाठी पाकिटाला भोक पाडून सील राखून तापयुग्माची, म्हणजे तापमान मोजणाऱ्या तारांच्या जोडीची, सुई आत सोडतात. पातळ रश्शात अन्न स्वतःच फिरते, त्यामुळे थंड बिंदू मध्याच्या खाली सरकतो. घट्ट राजम्यात तो बरोबर मध्यभागी राहतो. आठवड्याभरापूर्वी नीट गेलेली सायकल आज रस्सा थोडा दाट झाला म्हणून अपुरी पडू शकते, आणि ही गोष्ट चव पाहणाऱ्याच्या ध्यानात येत नाही. म्हणून चांगल्या कारखान्यात स्वयंपाकाच्या कढईजवळच घट्टपणा मोजण्याचे उपकरण असते. उलट बाजूला, जास्त वेळ दिला की डाळीचा रंग काळपट होतो आणि भाताचा लगदा. डब्याऐवजी चपटे पाकीट आले ते याच ओढाताणीतून : जाडी कमी, म्हणून उष्णता लवकर मध्यापर्यंत. बाहेर पॉलिएस्टर, मध्ये ॲल्युमिनियमचा वर्ख आणि आत पॉलिप्रॉपिलीन अशा थरांच्या पाकिटातील पहिली बाजारी करी १९६८ मध्ये जपानमध्ये विकली गेली. भारतात म्हैसूरच्या संरक्षण अन्न संशोधन प्रयोगशाळेने लष्करी शिध्यासाठी हे तंत्र विकसित केले आणि पुढे खाजगी उद्योगांना दिले.

पाकिटाला स्वतःचा ताठपणा नसतो. शिजवण संपून वाफ बंद झाली की बाहेरचा दाब क्षणात उतरतो, आतला उतरत नाही, आणि सील सुटते. यावर उपाय म्हणून पात्रात मुद्दाम दाबाची हवा सोडतात आणि पाण्याच्या फवाऱ्याने किंवा पंख्याने ती वाफेत सतत घुसळत ठेवतात. ऑटोक्लेव्ह चालवणाऱ्याला हे ऐकून धक्का बसावा, कारण त्याचे निम्मे कौशल्य हवा बाहेर काढण्यात असते.

थंड करण्याचे पाणी हा स्वतंत्र विषय आहे. थंड होताना डब्यात पोकळी निर्माण होते आणि जोडातील सूक्ष्म फटीतून बाहेरचे पाणी आत ओढले जाते. स्कॉटलंडमधील अ‍ॅबर्डीन येथे १९६४ मध्ये चारशेहून अधिक लोकांना विषमज्वर झाला, त्याचा माग अर्जेंटिनातील गोमांसाच्या डब्यापर्यंत गेला. तेथे डबे नदीच्या क्लोरिन न घातलेल्या पाण्याने थंड केले जात होते. शिजवण निर्दोष असूनही साथ आली. म्हणून या पाण्यात क्लोरिन घालणे आवश्यक आहे. परंतु क्लोराइड वाढले की ३०४ जातीच्या स्टीलवर बारीक खड्डे पडतात, आणि ज्या पात्रावर दाब येतो त्याला खड्डे परवडत नाहीत. ठाणे-बेलापूर पट्ट्याला बारवी धरणाचे पाणी मिळते. ते वाफेच्या आणि थंडाईच्या चक्रात पुन्हापुन्हा फिरले की त्यातील क्षार वाढत जातात. मॉलिब्डेनम असलेले महागडे ३१६ जातीचे स्टील वापरणे हा त्यावरचा सरळ उपाय. याच जातीचे कमी कार्बनचे आणि अधिक शुद्ध रूप, ३१६एल, हाडाच्या पट्ट्यांसाठी वापरतात, आणि कारणही तेच आहे : रक्त हे मिठाचे पाणी आहे.

रोपणांचे निर्जंतुकीकरण : शरीरात बसवायच्या वस्तूंना रोपणे म्हणतात. त्यांपैकी हाडाच्या पट्ट्या आणि स्क्रू आपल्याकडे बहुधा निर्जंतुक न केलेल्या अवस्थेत, पेटीत लावून रुग्णालयात येतात. कोणत्या लांबीचा स्क्रू लागेल हे शस्त्रक्रियेतच कळत असल्याने विक्रेता अख्खा सेट पाठवतो, उरलेले परत नेतो आणि तोच सेट दुसऱ्या रुग्णालयात जातो. पेटी धुऊन, दुहेरी गुंडाळून ती १३४° से.ला किमान ३ मिनिटे किंवा १२१° से.ला किमान १५ मिनिटे ठेवतात. गुंडाळीच्या घड्यांत आणि पोकळ हत्यारांत हवा लपते, म्हणून आधी निर्वात पंपाने ती अनेकदा खेचून मधूनमधून वाफ भरतात. हवा खरोखर निघाली की नाही हे पाहण्यासाठी बोवी आणि डिक यांनी १९६३ मध्ये सुचवलेली चाचणी रोज सकाळी रिकाम्या पात्रात घेतात : कापडाच्या गठ्ठ्यातील कागदाचा रंग सर्वत्र सारखा बदलला पाहिजे, मध्ये फिकट ठिपका राहिला तर तेथे हवा होती.

शेवटची पायरी वाळवण्याची असते. बाहेर काढलेली पेटी ओली निघाली, तर ती कितीही वेळ वाफेत असली तरी नाकारावी लागते. ओल्या कापडातून जंतू आत झिरपतात. रिटॉर्टमधून पाकीट ओलेचिंब निघाले तरी सीलबंद असल्याने ते पुसून चालते. वाफेत पाण्याचे थेंब फार असणे किंवा पेटी प्रमाणाबाहेर जड भरणे ही ओल्या पेटीची नेहमीची कारणे आहेत.

गुंडाळीवरच्या चिकटपट्टीच्या रेषा काळ्या झाल्या म्हणजे सामान निर्जंतुक झाले, ही समजूत खूप पसरलेली आहे. ती पट्टी पेटी वाफेतून जाऊन आली एवढेच सांगते. निर्जंतुक वस्तूचा निकष दहा लाखांत एकीवर जिवंत जंतू उरण्याची शक्यता हा आहे, आणि इतकी लहान शक्यता नमुने तपासून सिद्ध करणे अशक्य आहे. मग पुरावा प्रक्रियेच्या नोंदीतच शोधावा लागतो. जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलस या उष्णतेला अतिशय चिवट जंतूचे बीजाणू असलेली कुपी लोडबरोबर ठेवून नंतर ती उबवतात. शरीरात राहणाऱ्या वस्तूंचा लोड या कुपीचा निकाल येईपर्यंत सोडू नये, असा संकेत आहे. तातडीच्या शस्त्रक्रियेत तो मोडण्याचा मोह होतो. काही तासांत निकाल देणाऱ्या कुप्यांमुळे त्याला आता फारसे निमित्त उरलेले नाही.

मर्यादा : अनेक रोपणे वाफेला टिकत नाहीत. हॅरोल्ड रिडली यांनी १९४९ मध्ये डोळ्यात बसवलेले भिंग ज्या ॲक्रिलिकचे होते ते १०५° से.च्या आसपासच मऊ होते. जॉन चार्नली यांनी १९६२ पासून खुब्याच्या सांध्यात वापरलेले अतिउच्च रेणूभाराचे पॉलिथिलीन ऑटोक्लेव्हमध्ये आकार सोडते. पेसमेकरमध्ये बॅटरी आणि इलेक्ट्रॉनिक मंडल असते, त्यामुळे तेथे उष्णता आणि गॅमा किरण दोन्ही बाद होतात आणि एथिलीन ऑक्साइड वायू उरतो. तो वायू कर्करोगकारक असल्याने नंतर दीर्घकाळ हवा खेळवून काढून टाकावा लागतो. पॉलिथिलीनला गॅमा किरण चालतात असे मानले जाई, पण हवेत किरण दिल्यास ते ऑक्सिडीकरणाने ठिसूळ होऊन झिजते असे आढळल्यावर निष्क्रिय वायूत बंद करून किरण देण्याची पद्धत आली.

येथे अन्न आणि रोपणे पुन्हा एकत्र येतात. मसाले वाफेने भिजू शकतात आणि सुवास गमावू शकतात, म्हणून त्यांच्यासाठीही वायू किंवा किरण हे पर्याय पुढे येतात. हाँगकाँगने एप्रिल २०२४ मध्ये काही भारतीय मसाला-मिश्रणांत एथिलीन ऑक्साइड आढळल्याने त्यांची विक्री थांबवली. पेसमेकरला लागणारा हाच वायू हळदीवर नको, हे समजण्यासारखे आहे. किरणांसाठी पाहिले तर, वैद्यकीय सामानासाठी मुंबईतील ट्रॉम्बे येथे ‘आयसोमेड’ हे गॅमा केंद्र १९७४ पासून आहे, आणि वाशी येथे विकिरण व समस्थानिक तंत्रज्ञान मंडळाचे मसाल्यांसाठीचे केंद्र २००० मध्ये सुरू झाले. दोन्हींत कोबाल्ट-६० हा किरणोत्सर्गी धातू हाच किरणांचा स्रोत आहे. वैद्यकीय सामानाला साधारणपणे २५ किलोग्रे (शोषलेल्या किरणांचे एकक) मात्रा देतात, मसाल्यांना ६ ते १४. तुर्भ्याच्या मसाला बाजारातील पोती वाशीच्या या केंद्रापर्यंत काही किलोमीटरांतच पोहोचतात, ती न उघडता प्रक्रिया होते, आणि ग्राहकाच्या पाकिटावर विकिरणाचे हिरवे चिन्ह व प्रक्रियेची तारीख छापणे बंधनकारक असते.