बावीस वर्षांच्या धमन्या

कोरियाच्या युद्धात मारल्या गेलेल्या अमेरिकी सैनिकांचे शवविच्छेदन करताना विल्यम एनॉस आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी हृदयाच्या धमन्याही उघडून पाहिल्या. अशी ३०० हृदये तपासली. सरासरी वय साधारण २२. १९५३ साली निष्कर्ष छापून आले. ७७ टक्के जणांच्या हृदयधमन्यांत आजाराच्या खुणा साध्या डोळ्यांना दिसत होत्या. कुठे नुसता जाडसर पट्टा, तर कुठे अख्खी धमनी बुजलेली. ही लष्कराने धडधाकट म्हणून भरती केलेली मुले होती.

तोवर हृदयविकार हे उतारवयाचे दुखणे मानले जाई. हृदयधमनीत गुठळी होऊनही माणूस जगू शकतो, हे शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी १९१२ साली दाखवून दिले होते. पण त्यानंतरची कित्येक दशके उपचार म्हणजे आठवडेच्या आठवडे अंथरुणाला खिळून राहणे, एवढाच होता. कोरियातल्या त्या अहवालाने प्रश्नच बदलला. झटका पन्नाशीत येत असेल, पण आजाराची सुरुवात विशीत होते, मग डॉक्टरांनी वाट कशाची पाहायची?

उत्तर शोधण्याचे काम अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम या गावात १९४८ सालीच सुरू झाले होते. ५,२०९ स्त्री-पुरुषांची वर्षानुवर्षे तपासणी करून रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि धूम्रपान यांचा हृदयविकाराशी संबंध तिथे स्पष्ट झाला. याच अभ्यासाच्या १९६१ सालच्या निबंधामुळे ‘जोखीम घटक’ हा शब्द वैद्यकात रुळला. पुढे या आकड्यांवरून पुढच्या दहा वर्षांतला धोका काढण्याची कोष्टके तयार झाली.

तरुणांच्या बाबतीत गफलत झाली ती इथे, आणि माझ्या मते या इतिहासातली सर्वांत महागात पडलेली गोष्ट हीच. या गणितात वयाचे वजन सर्वांत जास्त. त्यामुळे बत्तिशीतला माणूस सिगारेट ओढत असो, त्याचे कोलेस्टेरॉल वाढलेले असो, दहा वर्षांचा धोका कमीच निघे आणि तो निर्धास्त होऊन घरी जाई. धमनीवर परिणाम होतो तो मात्र कोलेस्टेरॉल किती आणि किती वर्षे, या गुणाकाराचा. अमेरिकेच्या लुइझियाना राज्यातल्या बोगालूसा गावी १९७०च्या दशकात मुलांपासून सुरू झालेल्या अभ्यासाने हेच दाखवले. अपघात वगैरे कारणांनी लहान वयात मरण पावलेल्यांमध्ये, हयातीत जितके जोखीम घटक नोंदलेले, तितके धमन्यांतले चरबीचे थर जास्त आढळले. हे १९९८ साली प्रसिद्ध झाले. तरीही अमेरिकन हार्ट असोसिएशनचे तिशीपासून लागू होणारे आणि पुढच्या तीस वर्षांचाही धोका सांगणारे ‘प्रिव्हेंट’ हे गणित यायला २०२३ साल उजाडले.

उपचारांच्या इतिहासात तरुण रुग्ण आरंभापासून दिसतात. १९५८ साली क्लीव्हलँडमध्ये मेसन सोन्स २६ वर्षांच्या रुग्णाची तपासणी करत असताना क्ष-किरणांत दिसणारे रंगद्रव्य चुकून थेट हृदयधमनीत गेले. हृदय काही क्षण थांबले, रुग्णाला जोराने खोकायला लावले आणि ते पुन्हा सुरू झाले. आजच्या अँजिओग्राफीचा उगम त्या चुकीत आहे. १९७७ साली झुरिचमध्ये आंद्रेआस ग्रुंट्सिग यांनी पहिली हृदयधमनीची अँजिओप्लास्टी केली, तो रुग्ण ३८ वर्षांचा होता.

तरुणांचा प्रत्येक हृदयविकार धमन्यांचा नसतो, हे विसरून चालणार नाही. खेळताना अचानक कोसळणाऱ्या मुलांमागे बऱ्याचदा हृदयाच्या स्नायूचा किंवा विद्युतप्रवाहाचा उपजत दोष असतो. लंडनचे डोनाल्ड टिअर यांनी १९५८ सालच्या निबंधात तरुणांच्या हृदयाचा स्नायू एका भागात कसा जाड होतो हे नोंदवले. धोकादायक लय ओळखून आतूनच शॉक देणारे यंत्र १९८० साली पहिल्यांदा माणसाच्या शरीरात बसवले गेले. २०२१ साली भर सामन्यात कोसळलेला डॅनिश फुटबॉलपटू क्रिस्टियन एरिक्सन तत्काळ मिळालेल्या मदतीने वाचला. आज तो असेच यंत्र घेऊन जगतो. शिवाय घशाच्या संसर्गातून होणारा संधिवाताचा ताप गरीब भागांत अजूनही तरुणांच्या झडपा खराब करतो. तो पेनिसिलिनने टाळता येतो, म्हणून जास्तच सलते.

प्रतिबंधाचा सर्वांत भक्कम पुरावा आला तो आनुवंशिक कोलेस्टेरॉलच्या आजारातून. हा दोष साधारण अडीचशे माणसांत एकाला असतो. ज्यांना तो आई आणि वडील दोघांकडून मिळतो, त्यांना बालपणीही झटका येऊ शकतो. अशाच रुग्णांच्या पेशींवर काम करून मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांनी रक्तातले कोलेस्टेरॉल खेचून घेणारे पेशींवरचे ग्राही (रिसेप्टर) शोधले. १९८५ साली त्यांना नोबेल मिळाले. जपानचे अकिरा एन्डो यांनी बुरशीतून पहिले स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणारे द्रव्य, वेगळे केले होते आणि १९८७ साली या गटातले पहिले औषध बाजारात आले.

नेदरलँड्समध्ये हा दोष असलेल्या २१४ मुलांना लहानपणीच स्टॅटिन सुरू करून वीस वर्षे त्यांची नोंद ठेवली गेली. २०१९ साली निकाल आला. ही मुले ३९ वर्षांची होईपर्यंत त्यांच्यातल्या १ टक्का जणांना हृदय-रक्तवाहिन्यांचा त्रास झाला होता. तोच दोष असलेल्या, पण तरुणपणी औषध न मिळालेल्या त्यांच्या आईवडिलांत त्याच वयापर्यंत हे प्रमाण २६ टक्के होते.