डेव्हकिट आणि नियामक कागदपत्रे

कन्सोल बनवणारी कंपनी गेम स्टुडिओंना गेम बनवून तपासण्यासाठी दुकानात न मिळणारे एक खास यंत्र देते. त्याला डेव्हलपमेंट किट किंवा नुसते डेव्हकिट म्हणतात. ते गोपनीयतेच्या करारावर मिळते. पण वाय-फाय आणि ब्लूटूथ असले की अमेरिकेत फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनची, म्हणजे एफसीसीची, मान्यता लागते आणि तिथली कागदपत्रे कोणालाही पाहता येतात. आतले फोटो आणि वापराची पुस्तिका १८० दिवसांपर्यंत झाकून ठेवण्याची मुभा कंपनीला मिळते, सर्किटचे आराखडे तर कायमचे झाकलेले राहतात. चाचणी अहवाल मात्र उघडा असतो आणि बातम्या बहुधा त्यातूनच निघतात.

जुलै २०१३ मध्ये सोनीच्या प्लेस्टेशन ४ च्या डेव्हकिटचे कागद असेच समोर आले. मॉडेल क्रमांक डीयूएच-डी१०००एए, कमाल क्लॉक, म्हणजे आतल्या ठोक्यांचा सर्वाधिक वेग, २.७५ गिगाहर्ट्झ. हा प्रोसेसरचा वेग असावा, असा अंदाज तेव्हा अनेकांनी बांधला. नोव्हेंबरमध्ये विक्रीला आलेल्या कन्सोलचा प्रोसेसर चालत होता १.६ गिगाहर्ट्झवर. गफलत झाली ती आकडा कशासाठी लिहिला जातो हे न पाहिल्यामुळे. यंत्रातली सर्वांत वरची फ्रिक्वेन्सी, मग ती कोणत्याही भागाची असो, चाचणी कुठवर न्यायची हे ठरवते. ती १ गिगाहर्ट्झच्या वर असेल तर तिच्या पाचपटीपर्यंत, जास्तीत जास्त ४० गिगाहर्ट्झपर्यंत, यंत्रातून बाहेर पडणाऱ्या रेडिओ लहरींचे उत्सर्जन मोजायचे असा नियम आहे. म्हणजे इथे १३.७५ गिगाहर्ट्झ. प्लेस्टेशन ४ ची जीडीडीआर५ मेमरी प्रत्येक पिनमागे सेकंदाला ५.५ गिगाबिट माहिती हलवते आणि तिचे डेटा क्लॉक याच्या बरोबर निम्मे असते. त्यामुळे तो आकडा मेमरीचा मानणेच सयुक्तिक.

त्याच कागदांत तापमानाची मर्यादाही होती: ५ ते ३५ अंश सेल्सिअस. तिच्याकडे फारसे कोणी पाहिले नाही, पण गोव्यात काम करणाऱ्याने आधी तीच पाहावी. मे महिन्यात पणजीत दुपारचा पारा ३३ अंशांच्या आसपास असतो. वीज जाऊन एसी बंद पडला की बंद खोलीत ३५ ओलांडायला वेळ लागत नाही. वर खारी, दमट हवा आहेच.

डेव्हकिटचा आकार कधीकधी दुसऱ्याच दारातून बाहेर येतो. प्लेस्टेशन ५ च्या डेव्हकिटची इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच २०१९ मध्ये ब्राझीलच्या औद्योगिक संपदा कार्यालयातल्या डिझाइन नोंदणीतून जगाला दिसली.

एफसीसीसारख्या मान्यतेसाठी गोव्याला वेगळी यंत्रणा नाही. वायरलेस उपकरणांची मान्यता दिल्लीहून, केंद्राच्या वायरलेस प्लॅनिंग अँड कोऑर्डिनेशन (डब्ल्यूपीसी) विभागाकडून येते. इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या सक्तीच्या नोंदणी आदेशात २०१२ पासून व्हिडिओ गेमही आहेत, म्हणून म्हापशाच्या दुकानात घेतलेला कन्सोल उलटा केला तर लेबलवर भारतीय मानक ब्युरोचा ‘आर’ने सुरू होणारा क्रमांक सापडतो. तो शोधून पाहिला तर उत्पादक आणि मॉडेल कळते, क्लॉकचे आकडे नव्हेत.